मॉडेल सजवू नका, मोजा : वर्गातला ट्रक आणि वर्गातली रुग्णवाहिका



विज्ञान प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. रंगीत कार्डशीट, तयार झाडं, तयार गाड्या, चमकीचा कागद. दोन दिवसांत ‘मॉडेल’ उभं राहतं. त्यात मुलाचा हात किती, ताईचा किती आणि बाबांचा किती, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. फक्त कुणी विचारत नाही. प्रदर्शन संपलं की ते कपाटावर जातं आणि पुढच्या पावसाळ्यात ओल लागली म्हणून फेकलं जातं. मुलाला त्यातून काय मिळालं म्हणाल, तर एक प्रमाणपत्र.

माझं म्हणणं साधं आहे. मॉडेल सजवायचं नसतं, मोजायचं असतं. खऱ्या वस्तूला टेप लावून, आकडे वहीत लिहून, सगळे आकडे एकाच प्रमाणात लहान करून जे होतं ती प्रतिकृती. बाकी सगळी सजावट. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना मोजायला सर्वांत चांगली वस्तू म्हणजे त्यांच्या रस्त्यावरून जाणारी गाडी : लाकडं वाहणारा जुना ट्रक, १०८ ची रुग्णवाहिका, आगीचा बंब, वनखात्याची रेस्क्यू गाडी. ती का, ते पुढे सांगते.

खेळणं वेगळं, प्रतिकृती वेगळी

चाकावरची वस्तू आपल्या मुलांना नवी नाही. विदर्भातलं मूल नीट चालायला लागलं की तान्ह्या पोळ्याला त्याच्या हातात लाकडी नंदीबैलाची दोरी येते. चार चाकांवरचा तो बैल घरोघरी फिरतो, बोजारा गोळा होतो. पुढे तेच मूल काडेपेट्यांची आगगाडी करतं, तुटक्या चपलेची चाकं कापून तारेत ओवतं. हे सगळं छानच आहे. पण त्यात माप नसतं. नंदीबैलाची शिंगं मोठी झाली तरी चालतं, उलट जास्त शोभतात.

‘मॅचबॉक्स’ गाड्यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. लंडनच्या लेस्नी कंपनीत जॅक ओडेल नावाचे कारागीर होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता म्हणे, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापानं लेकीसाठी पितळेचा इवलासा रोड रोलर केला, आणि त्यातून काडेपेटीसारख्या डबीत मिळणाऱ्या गाड्यांची जगप्रसिद्ध मालिका निघाली. शाळेच्या एका नियमानं एवढं घडवलं! पण त्या गाड्यांची एक गंमत बघा. डबीचा आकार ठरलेला, म्हणून मोठी बस जास्त लहान केली आणि लहान गाडी कमी लहान केली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर आकार जवळपास सारखेच.

खेळण्यात हे चालतं. आपल्या प्रदर्शनाच्या टेबलावरही नेमकं हेच होतं. ज्याला बुटाचं खोकं मिळालं त्याची जीप मोठी, ज्याला साबणाचं मिळालं त्याची एसटी छोटी. मुलं हे बघतात आणि त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटतसुद्धा नाही.

जगभर हौसेनं गाड्यांच्या प्रतिकृती करणारी माणसं आधी प्रमाण ठरवतात, मग खोकं शोधतात. १:२४, १:४३, १:७६, १:८७ अशी त्यांची ठरलेली प्रमाणं असतात. आपल्या महाराष्ट्रातही पुठ्ठ्यापासून हुबेहूब एसटी करणारी मुलं आहेत. त्यांची बस खरी वाटते ती रंगामुळे कमी आणि खिडक्यांची रुंदी, चाकांमधलं अंतर बरोबर आल्यामुळे जास्त. प्राथमिक वर्गासाठी मला १:२० सोयीचं वाटतं. खरे २० सें.मी. म्हणजे आपला १ सें.मी. दहानं भागा आणि निम्मे करा, झालं. पाचवीच्या मुलाला जमतं.

सुरुवात चाकापासून

मुलं सुरुवात नेहमी खोक्यापासून करतात आणि शेवटी चाकं शोधत बसतात. हाती लागतं ते पाण्याच्या बाटलीचं झाकण. त्याचा व्यास साधारण ३ सें.मी. आता २० नं गुणा. खरं चाक झालं ६० सें.मी.चं. एवढं चाक लहान गाडीला शोभेल, ट्रकला नाही. ट्रकचा टायर सुमारे एक मीटर उंच असतो, म्हणजे १:२० मध्ये ५ सें.मी. झाकण लावलेला ट्रक बघून चौथीतलं पोरगंही म्हणतं, “मॅडम, हा तर बसल्यासारखा दिसून राहिला.” डोळ्याला चूक कळलेली असते. ती आकड्यात सांगता येणं, एवढंच आपल्याला शिकवायचं असतं.

टायरवरचे आकडे मुलांना वाचायला लावा. जुन्या ट्रकच्या टायरवर ९.००-२० असं लिहिलेलं सापडेल. ९ म्हणजे टायरची रुंदी आणि २० म्हणजे रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. १:२० मध्ये ही २० इंची रिम बरोबर १ इंचाची होते. पट्टीच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर का असतात, हे त्या दिवशी आपोआप कळतं.

चाकं जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून कापा. आस म्हणून सायकलचा स्पोक. तो फिरावा म्हणून रिकाम्या रिफिलचा तुकडा. अंगासाठी वहीचे पुठ्ठे आणि लग्नपत्रिका. लग्नसराईनंतर जाड पत्रिकांना घरोघरी तोटा नसतो. चेसिसला बांबूच्या कामट्या. बांबू आपल्याकडे विकत घ्यावा लागत नाही आणि गावात बुरडकाम करणारं कुणी असेल तर त्यांना एक तास वर्गात बोलवा. कामटी तासावी कशी, हे ते आपल्यापेक्षा चांगलं शिकवतील.

आणखी एक सवय लावा. प्रत्येक गटानं पुठ्ठ्याचा ८ सें.मी.चा माणूस करायचा. १६० सें.मी. उंचीचा माणूस १:२० मध्ये एवढाच. तो केबिनच्या दारात उभा करून बघायचा. दार त्याच्या कमरेएवढं आलं तर काहीतरी बिघडलंय, परत वही काढायची. मोठ्यांनी चूक दाखवावी लागत नाही, हा पुठ्ठ्याचा माणूस दाखवतो.

जो ट्रक आता नाही, तो कसा मोजायचा?

जुना ट्रक निवडायचं कारण असं की त्यात गावाचा इतिहास लपलेला आहे. १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या साहाय्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे नाक काढलेले, गोलसर बोनेटचे ते ट्रक. १९६९ मध्ये करार संपला आणि पुढच्या जाळीवरचा तारा जाऊन इंग्रजी ‘टी’ आला. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत डॉज आणि फार्गो ट्रक होत होते. लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यातून शक्तिमान निघत होता. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान, बल्लारशाचा लाकूड डेपो, तिथली कागद गिरणी, कोळसा खाणी : आपल्या दोन जिल्ह्यांचा संसार ट्रकच्या हौद्यातून चालत आला आहे. मुलांच्या आजोबांपैकी कुणी ड्रायव्हर असतील, कुणी क्लीनर, कुणी हमाल.

या ट्रकची आणखी एक खासियत म्हणजे दोन ट्रक कधी अगदी सारखे नसत. कारखान्यातून चेसिस आणि पुढचा दर्शनी भाग यायचा. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. म्हणून या ट्रकचा तयार नकाशा कुठे मिळत नाही. तो माणसांना विचारूनच काढावा लागतो. फाळक्याची उंची किती होती? साखळी कुठे होती? ताडपत्रीचे हूक किती? पाटे किती पानांचे? ज्या आजोबांना शाळेत कधी कुणी काही विचारलं नाही, त्यांच्याकडे या सगळ्याची उत्तरं असतात.

आणि ट्रकच उरला नसेल तर? जुना फोटो शोधा. फोटो अगदी बाजूनं, सरळ काढलेला हवा. तिरका चालत नाही. समजा फोटोत टायर १.७ सें.मी. आहे आणि खरा टायर १०२ सें.मी. १०२ भागिले १.७ म्हणजे ६०. आता फोटोतल्या प्रत्येक मापाला ६० नं गुणायचं. केबिन ३.५ सें.मी. दिसते, म्हणजे खरी २१० सें.मी. आपल्या प्रतिकृतीत ती १०.५ सें.मी. एका ज्ञात मापावरून बाकीची सगळी मापं निघतात. सहावीचं गुणोत्तर-प्रमाण यापेक्षा वेगळं काय असतं?

हौद्यातली लाकडंही मापात ठेवा. वनखात्याच्या डेपोत लाकडाचं घनफळ काढायची जुनी रीत आहे : गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. गोलाई १२० सें.मी. आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.३ × ०.३ × ३, म्हणजे ०.२७ घनमीटर. तेच लाकूड १:२० मध्ये ६ सें.मी. गोलाईचं आणि १५ सें.मी. लांबीचं. अंगठ्याएवढी जाड वाळकी काठी पुरते. मोठ्या वर्गात विचारा, की वर्तुळाच्या सूत्रानं घनफळ ०.२७ पेक्षा जास्त का येतं? यावर दोन तास चर्चा चालते.

बचावाच्या गाड्या आणि खाट

जुना ट्रक झाला आठवणींसाठी. बचावाच्या गाड्यांचं तसं नाही. त्या आपल्या भागात जगण्या-मरण्याच्या आहेत.

२०१४ साली राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत उपचारांच्या, ७०४ मूलभूत उपचारांच्या. मुलांना ही गाडी सायरनवरून ओळखता येते, पण आत काय आहे ते माहीत नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गाडी उभी असताना डॉक्टरांची आणि चालकदादांची परवानगी घेऊन पाच मुलांनी टेप लावायचा. नियम एकच : कॉल आला की टेप गुंडाळून बाजूला. स्ट्रेचर किती लांब? दारातून आत कसं सरकतं? ऑक्सिजनचं सिलिंडर कुठे बांधलंय आणि का बांधलंय? पुढच्या बाजूला ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ हा शब्द उलटा का? मुलं आरशात धरून बघतात आणि मग प्रतिकृतीवर तसाच उलटा लिहितात. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला तो आरशात सुलट दिसतो, हे एकदा हातानं लिहिल्यावर विसरत नाही.

आगीच्या बंबात तर गणित भरलेलं आहे. ४,५०० लिटरची टाकी असलेला बंब धरा. लांबी २० पट लहान झाली म्हणजे पाणीही २० पट कमी, असं मुलांना वाटतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही २० पट लहान झाल्या. २० × २० × २० म्हणजे ८,०००. ४,५०० भागिले ८,००० म्हणजे सुमारे ०.५६ लिटर. अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं जास्त! हे पाणी मापून ओतून दाखवलं की घनफळ पाठ करावं लागत नाही. मग प्रतिकृतीवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून गाडी ओढा आणि एकदम थांबवा. पाणी पुढे धावतं, गाडीला धक्का बसतो. पूर्ण भरलेल्या बाटलीला तसा बसत नाही. टँकरच्या टाकीत आडव्या भिंती का घालतात, ते मुलांनी स्वतः शोधलं.

बंबांचा विषय निघाला की १४ एप्रिलही सांगा. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी जीव गमावला. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

आता मुख्य गोष्ट. भामरागड, एटापल्लीकडच्या वाचकांना सांगायला नको, की कित्येक गावांतून रुग्ण आधी खाटेवर निघतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून वर्गात रुग्णवाहिका केलीत तर तिच्या शेजारी खाटही करा, त्याच प्रमाणात. १८० सें.मी.ची खाट ९ सें.मी.ची होते. तिला धरणारे चार पुठ्ठ्याचे माणसं. मग टेबलावर गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट आखा. रुग्णवाहिका सुमारे दोन मीटर रुंद, म्हणजे १० सें.मी. पांदण दीड मीटर, म्हणजे ७.५ सें.मी. गाडी वाटेवर ठेवून बघा. बसत नाही.

“गाडी का येत नाही?” याचं उत्तर मुलांना आजवर ‘आपलं गाव लांब आहे’ एवढंच मिळालेलं असतं. आता त्यांच्याकडे आकडा आहे : वाट अमुक सें.मी. कमी पडते, नाल्यावरचा रपटा इतका अरुंद आहे. उद्या यांच्यातलंच कुणी ग्रामसभेत उभं राहील, तेव्हा ‘रस्ता द्या’ म्हणण्याऐवजी ‘इथे एवढी रुंदी हवी’ म्हणेल. मला तरी मोजायला शिकवण्याचं यापेक्षा मोठं कारण दिसत नाही.

चंद्रपूरच्या मुलांना वाघ-बिबट्यासाठी येणारी वनखात्याची पिंजऱ्याची गाडी करावीशी वाटेल. जरूर करू द्या. पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर किती असावं, हा प्रश्न तिथे येतो. गडचिरोलीतल्या एखाद्या मुलाला सुरुंगरोधक गाडी करायची असते. काही शिक्षकांना ते नको वाटतं. मला वाटतं, मूल जे रोज बघतं ते त्याला करू द्यावं. तिचं पोट खाली निमुळतं असतं, स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळावा म्हणून. म्हणजे तीही माणसं वाचवायलाच बनलेली आहे. मात्र पोलिसांच्या गाड्यांना टेप लावायचा नाही, फोटोही काढायचा नाही. छापून आलेलं चित्र पुरे.

“पण वेळ कुठे आहे?”

हा प्रश्न रास्त आहे. माहिती भरणं, चाचण्या, प्रशिक्षणं यांतून शिक्षकाला उसंत नसते. पण हा जादा तास नाही. पाचवीतले दशांश अपूर्णांक, सहावीतलं गुणोत्तर-प्रमाण, भूगोलातलं नकाशाचं प्रमाण आणि कार्यानुभव, हे आपण तसंही शिकवतोच. ते चार ठिकाणी तुटक शिकवण्याऐवजी एका ट्रकमध्ये शिकवायचं. सहा शनिवार पुरतात : पहिला मोजायला, दुसरा आकडे लहान करून आकृती काढायला, तिसरा चाकं आणि चेसिसला, चौथा-पाचवा बांधणीला, सहावा सांगायला. पाच मुलांत एक गाडी.

हातानं काम करून शिकणं ही कल्पनाही बाहेरून आलेली नाही. १९३७ साली आपल्या शेजारच्या वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणायचा विचार मांडला. तीच नई तालीम. आणि ट्रकचाच धागा धरायचा तर अरविंद गुप्ता यांचं नाव घ्यायला हवं. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत, म्हणजे ट्रकच्याच कारखान्यात लागले. तिथून १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांसाठी आकृत्या करायची युक्ती काढली. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी मुलांसाठी अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी फेकून दिलेल्या वस्तूंची असतात. ‘आमच्या शाळेत साहित्य नाही’ ही सबब त्यांच्यामुळे आपल्याला उरलेली नाही.

दुसरा आक्षेप : “हे मुलांचं काम, मुली काय ट्रक करणार?” करून बघा. पुठ्ठा सरळ कापणं आणि आकडा नीट वाचणं यात मुलगा-मुलगी असा फरक मला दिसलेला नाही. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. कटर शिक्षकाच्याच हातात राहील. मुलांना कात्री. चालत्या रस्त्यावर माप घ्यायचं नाही. उभी, बंद केलेली गाडी आणि मालकाची परवानगी, हे दोन्ही असल्याशिवाय जवळ जायचं नाही.

पालकांना आणि परीक्षकांना

पालकहो, गाडी वाकडी दिसली तर ती तुम्ही सरळ करू नका. “याचं माप कुठून घेतलं?” एवढंच विचारा. मदत करायचीच असेल तर ओळखीच्या ट्रकवाल्याशी बोलून पोरांना अर्धा तास टेप लावू द्या, आजोबांचा जुना फोटो पेटीतून काढून द्या.

आणि केंद्रात, तालुक्यात परीक्षक म्हणून बसणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक प्रतिकृतीशेजारी मापांची वही मागा. त्यात खोडाखोड असेल, एखादं चुकलेलं माप पुन्हा घेतलेलं असेल, तर त्याला गुण द्या. चकचकीत रंगाच्या गाडीला विचारा, प्रमाण किती? उत्तर आलं नाही तर ती खेळण्यांच्या टेबलावर ठेवा. आणि फेव्हिकॉलचे डाग पडलेला, रंग न दिलेला एखादा ट्रक वहीतल्या आकड्यांशी जुळत असेल, तर पहिला नंबर त्याला द्यायला कचरू नका. असा निकाल तालुक्यात एकदा लागला, की पुढच्या वर्षी मुलं दुकानात जाण्याआधी टेप शोधतील.